मी अकरा वेळा ‘नाही’ दाबलं



गेल्या महिन्यात गोदीतून चार दिवसांची सुट्टी काढून आईकडे आलो होतो. क्रांती चौकात उड्डाणपुलाखाली आपल्याच चार पोरांनी मला गाठलं. हातात कागद, कागदावर तो काळापांढरा चौकोन. म्हणाले, कामगारांच्या आरोग्याचा सर्व्हे करतोय, ऑनलाइन. महामारीत कामगाराचं काय झालं, आता छाती कशी आहे, दम लागतो का, औषधपाण्याला पैसे कुठून आणले. चौकोनावर मोबाइल धरायचा की फॉर्म उघडतो. सात मिनिटांत काम खलास. तू गोदीतला आहेस, कविता लिहितोस, तुझ्या शब्दाला वजन आहे, तेव्हा ही लिंक सगळ्या ग्रुपांवर टाक.

मी नाही म्हणालो.

पोरं भडकली. एकजण म्हणाला, तू काय विज्ञानाच्या विरोधात आहेस का? बाबासाहेबांची लेकरं आपण. आकड्याशिवाय भांडायचं कशावर?

सवाल रास्त आहे. म्हणून जबाब चौकात उभ्याउभ्या न देता इथं लिहून देतो. मी मॅट्रिक पास. वाक्यं वाकडीतिकडी पडतील, पण हिशोब सरळ आहे.

आधी माझा गुन्हा सांगतो.

२०२० साली मी एकवीस वर्षांचा. मुंबईच्या गोदीत एका ठेकेदाराच्या टोळीत. टोळीत अकरा माणसं, वर मुकादम. २५ मार्चपासून देश बंद झाला, पण बंदरं अत्यावश्यक सेवेत धरली. जहाज थांबत नाही, म्हणून आम्हीही थांबलो नाही. देश घरात बसून टाळ्या वाजवत होता, थाळ्या बडवत होता, आणि आम्ही जहाजाच्या पोटात उतरून डाळीची पोती काढत होतो. घरात बसलेल्यांच्या ताटातलं वरण कुठून आलं हे कुणी विचारलं नाही. पोतं दोघांनी उचलायचं असतं. उचलताना दोघांची तोंडं समोरासमोर येतात, एकाचा श्वास दुसऱ्याच्या नाकात जातो. ‘दो गज की दूरी’ म्हणायला सोपं. पोतंच दोन हातांचं, तर दूरी कुठून आणायची?

मग एक दिवस मुकादमाने व्हॉट्सॲपवर लिंक टाकली. रोज सकाळी पाळीआधी भरायची. ताप आहे का? खोकला आहे का? श्वास घ्यायला त्रास आहे का? घरात कुणी पॉझिटिव्ह आहे का? चार प्रश्न, प्रत्येकाखाली ‘होय’ आणि ‘नाही’. एकाही जागी ‘होय’ पडलं की गेट बंद. चौदा दिवस. त्या चौदा दिवसांचा रोज? हजेरी नाही तर रोज नाही. हे फॉर्मवर लिहिलेलं नव्हतं, पण आमच्या टोळीतल्या अंगठेबहाद्दरालासुद्धा ते वाचता येत होतं.

अकरा माणसांत चांगले फोन तीन. त्यातल्या दोघांचा रिचार्ज संपलेला. टोळीत शिकलेला मीच. म्हणून मी टोळीचा कारकून झालो. रोज सकाळी अकरा नावं, अकरा फॉर्म. सुरुवातीला मी विचारायचो, काका ताप आहे का, भाऊ खोकला आहे का. आठवड्याभराने विचारणंही सोडलं. चहा पीत अंगठ्याने नाही, नाही, नाही, नाही. ते काम सात मिनिटांतच व्हायचं.

आमच्यात एक तात्या होते. जालना जिल्ह्यातले, माझ्या आईच्या माहेरच्या बाजूचे. मला गोदीत त्यांनीच आणलं, आकडा पोत्याला कसा मारायचा हे त्यांनी शिकवलं. जूनमधल्या एका सकाळी ते भिंतीला टेकून बसले होते. म्हणाले, अंग कसकस करतंय रे. मी फोन हातात धरून विचारलं, तात्या, काय लिहू? ते म्हणाले, लिही की नाही म्हणून. पोरगी बाळंतपणाला आलीय. चौदा दिवस बसलो तर गावाकडं काय पाठवू, माती?

मी ‘नाही’ दाबलं.

तात्या त्या दिवशी पूर्ण पाळी भरून गेले. पाचव्या दिवशी दम लागला. नवव्या दिवशी गेले. आम्हाला मढं बघायला मिळालं नाही, फोन आला फक्त. आणि माझ्या मोबाइलमध्ये त्या सकाळचा फोटो राहिला, कारण मुकादमाला पुरावा म्हणून भरलेल्या फॉर्मचा फोटो पाठवावा लागायचा. ताप : नाही. खोकला : नाही. श्वास : त्रास नाही. ठेकेदाराच्या दप्तरात तात्या ठणठणीत आहेत. ठणठणीत माणूस मेला.

आता मला सांगा, खोटं कोण बोललं? तात्या? मी? का तो फॉर्म? फॉर्म विचारत होता, ताप आहे का. आम्हाला ऐकू येत होतं, उद्या जेवायचंय का. ह्या सवालाला कामगार ‘नाही’ कसं म्हणेल? मी माझा वाटा नाकारत नाही. ते बटण माझ्याच अंगठ्याखाली होतं. पण ज्या व्यवस्थेत खरं सांगणाऱ्याला उपासाची शिक्षा आहे, तिथे आरोग्याचा सर्व्हे म्हणजे उलटतपासणी असते, आणि आरोपी आधीच ठरलेला असतो.

आता माझी टोळी सोडा, देशाकडे बघू.

२ एप्रिल २०२० ला ‘आरोग्य सेतू’ आलं. ताप, खोकला, दम हे प्रश्न त्यातही होते. १ मे रोजी, म्हणजे बरोबर कामगार दिनी, केंद्रीय गृह खात्याचा हुकूम निघाला की खाजगी असो सरकारी असो, सगळ्या नोकरदारांच्या फोनात हे ॲप असलंच पाहिजे. १७ मे रोजी त्याच खात्याने सूर नरम केला. ज्यांच्या फोनात ते चालतं त्यांच्याकडे ते असावं यासाठी मालकांनी शक्य तेवढा प्रयत्न करावा, असं म्हटलं. साध्या फोनवाल्यांसाठी १९२१ हा नंबर काढला. आता ह्याच सरकारच्या नमुना पाहणीचा आकडा बघा. २०१७-१८ च्या ७५ व्या फेरीत इंटरनेटची सोय असलेली घरं देशात शंभरातली सुमारे २४. खेड्यात १५, शहरात ४२. म्हणजे सेतू बांधला तो नदीच्या एकाच काठावर.

पुढच्या वर्षी लसीचं तेच. १ मे २०२१ पासून १८ ते ४४ वयाला लस खुली झाली, पण आधी कोविनवर नाव नोंदवा. वेळ मिळवायला बोटं चपळ पाहिजेत, नेट जोरात पाहिजे. शेवटी सुप्रीम कोर्टाने ३१ मेच्या आदेशात सरकारला विचारलं की ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्याने काय करायचं. पोर्टलच्या दारात माणसं अडतात हे सर्वोच्च न्यायालयाला दिसलं. आपल्या पोरांना दिसू नये?

आणि क्रांती चौकात उभं राहून हे सांगणाऱ्याने जालना रोडकडे बोट केल्याशिवाय कसं चालेल? हाच रस्ता पूर्वेला करमाडवरून जालन्याला जातो. त्याच्याच बाजूने रेल्वेचे रूळ. ८ मे २०२० च्या पहाटे करमाडजवळ रुळावर झोपलेल्या सोळा मजुरांवरून मालगाडी गेली. मध्य प्रदेशातले आदिवासी भागातले गडी, जालन्याच्या पोलाद कारखान्यात कामाला होते. गावी जायला निघाले होते, चालत. जे वाचले त्यांनी पत्रकारांना सांगितलं, पाससाठी आठवडाभर आधी ऑनलाइन अर्ज केला होता, उत्तर आलं नाही. अर्ज कुठल्या तरी यंत्रात पडून राहिला, आणि माणसं रुळावर. सकाळी रुळावर भाकरी विखुरल्या होत्या, तो फोटो सगळ्या देशाने बघितला.

चार महिन्यांनी, १४ सप्टेंबर २०२० ला, केंद्राच्या श्रम खात्याने लोकसभेत लेखी उत्तर दिलं की टाळेबंदीत गावी परतताना किती स्थलांतरित मजूर मेले याची माहिती ठेवलेली नाही. ठेवलेली नाही! ज्या देशाला आमच्या खिशातला ब्लूटूथ मोजता येतो, त्याला आमचं मढं मोजता येत नाही. त्याच महिन्यात त्याच संसदेने कामाच्या जागच्या सुरक्षेची नवी संहिता मंजूर केली. गोदी कामगाराच्या सुरक्षेचा १९८६ चा कायदा आणि स्थलांतरित मजुरांचा १९७९ चा कायदा दोन्ही तिच्या पोटात गेले.

पोरं म्हणतात, हे सरकारचं झालं. आपला सर्व्हे तर चळवळीचा. आपली नियत साफ आहे.

नियत साफ असली तरी हिशोब चुकतोच. आपल्यात म्हण आहे, शितावरून भाताची परीक्षा. बरोबर आहे. पण शीत कुठलं काढलंस? वरवरचं काढलंस तर भात मोकळा, पांढरा. बुडाशी करपलंय ते कळणार कसं? ऑनलाइन फॉर्म म्हणजे वरच्यावर पळी फिरवणं.

हे मी मनानं सांगत नाही. अमेरिकेत महामारीत फेसबुकवरून दर आठवड्याला सुमारे अडीच लाख लोकांना प्रश्न विचारत होते. एवढी मोठी पाहणी! पण डिसेंबर २०२१ मध्ये ‘नेचर’ ह्या साप्ताहिकात शास्त्रज्ञांनी तिचा पडताळा छापला. मे २०२१ मध्ये लस घेतलेल्यांचा तिचा आकडा सरकारी नोंदीपेक्षा १७ टक्के-बिंदूंनी फुगलेला निघाला. त्याच वेळी हजारेक माणसांची एक लहान पाहणी खऱ्याच्या जास्त जवळ होती. तिने माणसं निवडून घेतली होती आणि ज्याच्याकडे इंटरनेट नाही त्याला यंत्र आणि जोडणी पुरवली होती. अडीच लाख हरले, हजार जिंकले. तेव्हा पाच हजार लोकांनी फॉर्म भरला म्हणून उद्या छाती फुगवू नका. ते पाच हजार कोण, हे आधी विचारा. ज्याच्याकडे डेटा आहे, वेळ आहे, बोटाला सवय आहे, आणि ज्याला ‘होय’ म्हणायची भीती नाही, तोच भरणार. जो तापाने पडलाय तो फॉर्म भरत नाही. जो मेला तो तर नाहीच नाही. तुमचा सर्व्हे फक्त वाचलेल्यांना विचारणार आणि म्हणणार, बरेच वाचले की!

उलट बाजू बघा. जुलै २०२० मध्ये मुंबईत तीन वॉर्डांत रक्ताचे नमुने घेतले. महापालिका, नीती आयोग आणि टाटा मूलभूत संशोधन संस्था त्यात होती. सुमारे सात हजार नमुने. झोपडपट्टीत शंभरातल्या ५७ जणांच्या रक्तात रोग येऊन गेल्याची खूण सापडली, इमारतींमध्ये १६ जणांच्या. सत्तावन्न आणि सोळा! हा आकडा कुठल्याही लिंकने दिला नसता. आमच्या झोपड्यांत निम्म्याहून अधिक माणसं रोग अंगावर काढून कामाला जात होती, आणि फॉर्मावर सगळे ‘नाही’, ‘नाही’. रक्ताला रोज बुडायची भीती नसते, म्हणून ते खरं बोललं. आणि विज्ञान हेच. म्हणून मला विज्ञानविरोधी म्हणू नका. मी विज्ञानाच्या बाजूचा आहे, आळसाच्या विरोधात आहे.

दुसरा आक्षेप मला मान्य आहे, तो असा : महामारीत घरोघर जाणार कोण? जाणाराच रोग घेऊन गेला असता. लांबून विचारणं हीच काळजी होती.

खरंय. पण मग गेलं कोण, तेही सांगा. १५ सप्टेंबर २०२० ला, म्हणजे दिल्लीत ‘माहिती नाही’ म्हणाल्याच्या दुसऱ्याच दिवशी, महाराष्ट्रात ‘माझे कुटुंब, माझी जबाबदारी’ मोहीम सुरू झाली. हातात ताप मोजायचं यंत्र आणि ऑक्सिमीटर घेऊन दारोदार कोण फिरलं? आशाताई. आपल्याच वस्तीतल्या बाया, मानधनावरच्या, पगारी नोकर म्हणून ज्यांना सरकार मानत नाही त्या. ॲपमध्ये जो आकडा चढला तो त्यांच्या चपला झिजून चढला. पुढे जून २०२१ मध्ये राज्यातल्या सुमारे सत्तर हजार आशा संपावर गेल्या, तेव्हा कुठे मानधनात हजार आणि कोविड भत्त्याचे पाचशे पदरात पडले. ऑनलाइन म्हणता तुम्ही, पण त्या लाइनीच्या टोकाला एक बाई उन्हात उभी असते. तिला मोजायला कुठला फॉर्म?

आणि लांबून विचारता येत नाही असंही माझं म्हणणं नाही. एप्रिल २०२० मध्ये ‘स्वान’ नावाच्या गटाने अडकलेल्या मजुरांचे फोन घेतले. अकरा हजारांवर मजुरांची माहिती त्यांच्याकडे जमली. निम्म्यांकडे एका दिवसाचंही रेशन उरलं नव्हतं, ९६ टक्क्यांना सरकारी धान्य मिळालं नव्हतं, ८९ टक्क्यांना मालकाने टाळेबंदीतली दमडी दिली नव्हती. हे फोनवरच कळलं. मजूर त्यांच्याशी खरं का बोलला? कारण पलीकडचा माणूस आधी विचारत होता, जेवलास का, आणि मग धान्याची, पैशाची खटपट करत होता. तिथे खरं सांगितल्याने भाकरी मिळायची शक्यता होती. आमच्या गोदीत खरं सांगितल्याने भाकरी जात होती. दोन्हीकडे फोनच. फरक विचारणाऱ्याच्या हातात होता.

लांब राहण्याबद्दल आपल्याला तरी कुणी शिकवू नये. आमच्या आज्याला अंतर पाळायला शिकवायला कुठली महामारी लागली नव्हती, गावाने ते आधीच आखून दिलं होतं. शिवायचं नाही, सावली पडू द्यायची नाही, पैसा वरून टाकायचा. आता लिंक वरून टाकतात. १८९६ साली मुंबईत प्लेग पहिल्यांदा ओळखला गेला तो मांडवीत, गोदीच्या दारातच. रोग जहाजातून उतरला की पहिला आमच्याच अंगावर येतो, ही जुनी रीत. पुढच्याच वर्षी पुण्याजवळ सावित्रीबाई मुंढव्याच्या महारवाड्यातलं प्लेग झालेलं पोर उचलून यशवंतरावांच्या दवाखान्यात घेऊन गेल्या. त्यातच त्यांना लागण झाली, आणि १० मार्च १८९७ ला त्या गेल्या. त्यांनी पोराला पाठीवर घेतलं तेव्हा त्याला किती ताप आहे हे त्यांच्या पाठीला कळलं असेल. मी कुणाला मरायला सांगत नाही. पण आपली परंपरा कुठली, हे विसरून चालणार नाही.

तर पोरांनो, माझ्या अटी ऐका. मान्य असतील तर लिंक काय, मीच बरोबर येतो.

एक. फॉर्म तुमच्या हातात राहील, कामगाराच्या नाही. तुम्ही जाल, नाक्यावर उकिडवे बसाल, विचाराल आणि लिहाल. एका माणसाला अर्धा तास लागला तर लागू द्या.

दोन. नाव, फोन, ठेकेदार असं काही लिहायचं नाही. ज्या कागदाने कामगाराचा रोज जाऊ शकतो तो कागद आपल्या सर्व्हेत असता कामा नये. फुकटच्या गूगलच्या पेटीत आपल्या माणसांचे आजार ठेवायचे नाहीत.

तीन. दम लागतो म्हणाला तर नुसती खूण करून पुढे सरकायचं नाही. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी त्याला घाटीत न्यायचं, केसपेपर काढायचा, रांगेत उभं राहायचं. तेवढा जीव नसेल तर प्रश्न विचारायचा हक्कही नाही.

चार. मेलेल्यांना विचारा. म्हणजे त्यांच्या घरी जा. २०२० आणि २०२१ मध्ये कोण गेलं, कामावरून येऊन गेलं का, दाखल्यावर काय लिहिलंय, घरच्यांना काय मिळालं. हे बत्तीस प्रश्नांत कुठेच नव्हतं.

पाच. जे निघेल ते त्याच नाक्यावर परत येऊन मोठ्याने वाचून दाखवा. आपला आकडा आधी आपल्या माणसाला कळला पाहिजे, मग पुण्या-मुंबईच्या परिसंवादाला. आणि मागणी लावून कळला पाहिजे. २१ नोव्हेंबर २०२५ पासून नव्या श्रमसंहिता लागू झाल्या. चाळिशीपुढच्या कामगाराची वर्षातून एकदा मोफत तपासणी मालकाने करायची असं सरकारने सांगितलं. चांगलं आहे. आमच्या टोळीतले निम्मे तिशीच्या आत आहेत आणि त्यांची फुप्फुसं साठीची झालीत, ते सोडा. पण ज्यांचा हक्क आहे त्यांची तरी तपासणी झाली का, का पुन्हा कुठल्या फॉर्मावर ‘झाली’ दाबलं, एवढं जरी आपण नाक्यानाक्यावर जाऊन तपासलं तरी तो सर्व्हे ठरेल. आणि आजारी पडला तर रोज बुडणार नाही ही मागणी सगळ्यांत वर. ती मिळाल्याशिवाय ह्या देशातला कुठलाही कामगार तापाबद्दल खरं बोलणार नाही.

क्रांती चौक हे नाव फुकट पडलेलं नाही. जुनी माणसं ह्या जागेला काळा चबुतरा म्हणायची. १८५७ च्या बंडातल्या शिपायांना इथे मारलं. आपणही मोर्चे काढतो ते इथूनच. त्या पुलाखाली उभं राहून नुसता चौकोन दाखवून पुढे जायचं, हे ह्या जागेला शोभत नाही.

पुढच्या महिन्यातल्या दुसऱ्या रविवारी मी परत येतोय. सकाळी सात वाजता, पुलाखाली. वही मी आणतो, पेनं तुम्ही आणा. पहिलं पान मीच भरणार आहे. वय अठ्ठेचाळीस, काम गोदीत, रोजंदारी, जून २०२०.

ताप : होता. 

जयभीम.